पर्जन्याचा निःपक्षपात

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात बादरायणाने ईश्वरावर दोन आरोप ठेवू दिले आहेत, आणि ते इतके सरळ व रोखठोक आहेत की कोणत्याही मुलखातील रयतेने आपल्या सरकारावर ठेवावेत. पहिला वैषम्याचा: देवांना अत्यंत सुखी, पशूंना अत्यंत दुःखी आणि मनुष्यांना मधल्या अवस्थेत निर्माण करणारा हा कर्ता पक्षपाती असला पाहिजे. दुसरा नैर्घृण्याचा: प्राण्यांना दुःखात लोटताना, आणि अखेरीस सर्वांचाच संहार करताना, ज्याचे मन द्रवत नाही तो निर्दय असला पाहिजे. चौतिसाव्या सूत्रावरील भाष्यात शंकराचार्यांनी या फिर्यादीला दिलेली कैफियत प्रसिद्ध आहे. ईश्वर निरपेक्षपणे, केवळ आपल्या लहरीने, ही विषम सृष्टी निर्माण करीत नाही. प्राण्यांच्या धर्माधर्माची अपेक्षा ठेवून तो ती करतो. आणि म्हणून त्याला पर्जन्यासारखा समजावा, कारण भात आणि जव या दोहोंच्या उत्पत्तीला पाऊस हे साधारण कारण असले, तरी भात हा भात का झाला आणि जव हा जव का झाला याचे कारण पावसात नसून त्या त्या बीजाच्या अंगच्या असाधारण सामर्थ्यात असते.

हा दृष्टांत एकट्या आचार्यांचा नव्हे. सद्धर्मपुंडरीक या बौद्ध ग्रंथाच्या पाचव्या परिवर्तात एकच महामेघ साऱ्या भूमीवर सारखा वर्षतो आणि लहान, मध्यम व मोठ्या वनस्पती आपापल्या शक्तीप्रमाणे ते एकरस पाणी पिऊन वाढतात. तथागताचा उपदेश तसा आहे, असे तेथे सांगितले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनातही आकाशातला पिता नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो. तिघांचे प्रयोजन वेगळे, तिघांचा ईश्वरविचार तर इतका वेगळा की एकाच्या दरबारात दुसऱ्याला आसन मिळणे कठीण. तरीही निःपक्षपातीपणाची प्रतिमा शोधण्याची वेळ आली तेव्हा तिघांनीही मान वर करून ढगाकडेच पाहिले. देणारा सारखे देतो, घेणारा आपल्या वकुबाप्रमाणे घेतो, आणि जो भेद उरतो त्याचा दोष देणाऱ्याकडे जात नाही, हे या दृष्टांताचे सार होय.

तथापि त्यात एक गृहीत दडून बसलेले आहे, आणि ते शेताच्या बांधावर उभे राहिल्याखेरीज सहसा दिसत नाही. आचार्यांचा भात भाताच्या खाचरात आहे आणि जव जवाच्या शेतात आहे. ते एकमेकांचे शेजारी नाहीत. पाऊस आणि बीज यांच्यामधला व्यवहार दोघांपुरता आहे, त्यात तिसरा पक्षकार नाही. शेतीत हे खपून जाते, कारण शेत म्हणजेच इतर सर्व वनस्पतींना बेदखल करून एकाच बीजाच्या नावे केलेली जमीन. परंतु सृष्टीचा दृष्टांत शेतावरून घ्यावा की कुरणावरून, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. कुरणात एका हात-दोन हात जागेत दहा-पंधरा जातींची गवते, शिंबावर्गीय वेली आणि रानफुले दाटीने नांदत असतात, आणि तेथे एकाचे वाढणे ही केवळ त्याची खाजगी बाब राहत नाही. अशा ठिकाणी खरोखर समान वर्षाव झाला तर काय होते, हे वेदांत्यांनी कधी तपासले नाही. तपासण्याचे त्यांना कारणही नव्हते. ते काम ज्यांनी केले त्यांना ब्रह्मसूत्रांचे नावही ठाऊक असण्याचा संभव फार कमी आहे.

लंडनच्या उत्तरेस, हर्टफर्डशर परगण्यात हार्पेंडन या गावी रॉथमस्टेड नावाची जहागीर आहे. तिचा मालक जॉन बेनेट लॉझ याने हाडांवर गंधकाम्लाची प्रक्रिया करून सुपरफॉस्फेट खत करण्याचा हक्क 1842 मध्ये सरकारदरबारी नोंदवून घेतला, त्या खताच्या कारखान्यातून पैसा मिळविला, आणि तो पैसा जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाच्या सहकार्याने आपल्याच शेतांवरील प्रयोगांत घातला. दोघांचे हे सहकार्य लॉझ 1900 मध्ये मरण पावेपर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षे, अखंड चालले. पुढल्याच वर्षी गिल्बर्टही गेला. वनस्पतींना लागणारे नत्र हवेतून पुरेसे मिळते, जमिनीला खनिजे तेवढी द्यावीत, असे जर्मनीतील लीबिगचे मत होते, आणि गव्हाला तर नत्र मातीतूनच द्यावे लागते, असे हे दोघे आपल्या शेतातील पिकाचे वजन करून दाखवीत होते. या वादाच्या धामधुमीतच 1856 मध्ये त्यांनी घराजवळचे सुमारे सात एकरांचे एक जुने कुरण प्रयोगासाठी घेतले. निदान शंभर वर्षे तरी त्याला नांगर लागला नव्हता, आणि त्यातले गवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखे होते. हेतू अगदी संसारी होता: कोणत्या खताने वैरण जास्त निघते ते पाहावे. म्हणून त्यांनी कुरणाचे वाफे पाडले. एकाला काहीच नाही, एकाला शेणखत, एकाला केवळ स्फुरद-पालाशादी खनिजे, एकाला अमोनियम सल्फेटच्या रूपाने नत्र, एकाला सोडियम नायट्रेटच्या रूपाने, आणि तेही कमीअधिक मात्रेत. या मात्रा आजच्या परिमाणात हेक्टरी 48, 96 आणि 144 किलो नत्र अशा भरतात. नवे बी कोठेही टाकले नाही. जे होते त्यावरच वर्षाव केला, आणि तो वाफ्याच्या प्रत्येक फुटावर सारखा केला.

वैरण वाढली. खनिजांच्या जोडीला नत्र दिलेल्या वाफ्यांत तर ती बिनखताच्या वाफ्यांच्या दुपटीहून अधिक निघू लागली, आणि प्रयोगाचा मूळ हेतू तेवढ्याने पुरा झाला असता. परंतु दोन-तीन वर्षांतच एक अनपेक्षित गोष्ट दिसू लागली. सारखे असलेले कुरण वाफ्यावाफ्याने इतके भिन्न दिसू लागले की खतांचा नव्हे, तर निरनिराळ्या बियाण्यांचाच प्रयोग चालला आहे असे पाहणाऱ्याला वाटावे, असा अभिप्राय त्या दोघांनीच नोंदविला आहे. मग वाळल्या गवताचे नमुने हाताने जातवार वेगळे करून, वजने घेऊन, दफ्तरात लिहून ठेवण्याचे किचकट काम सुरू झाले. तो प्रयोग आजही चालू आहे. ‘पार्क ग्रास’ या नावाने तो ओळखला जातो, आणि जगातल्या गवताळ भूमीवरील इतका दीर्घ प्रयोग दुसरा नाही. ज्या वाफ्यांना काहीच दिले नाही त्यांत आजही पस्तीस ते पंचेचाळीस जाती आढळतात. ज्यांना अमोनियम सल्फेटची सर्वांत मोठी मात्रा मिळत राहिली आणि चुना मिळाला नाही, त्यांत दोन किंवा तीन उरल्या आहेत.

येथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर नत्रावर नसलेला गुन्हा लादल्यासारखे होईल. अमोनियम सल्फेटने माती आंबट होते, आणि त्या दोन-तीन जातींच्या वाफ्यांची माती इतकी आम्ल झाली आहे की तेथे जगणे हेच एक शौर्य आहे. सोडियम नायट्रेटने असे होत नाही, आणि ते मिळालेल्या वाफ्यांत जास्त जाती टिकल्या. चुना दिलेल्या भागांतही टिकल्या. म्हणजे संहाराचा एक हिस्सा आम्लाच्या खाती मांडावा लागतो. परंतु आम्लाचा हिस्सा वजा करूनही बाकी उरते. चुना दिला, नायट्रेट दिले, तरी नत्राच्या वाफ्यांत जातींची संख्या बिनखताच्या वाफ्यांपेक्षा कमीच राहते. उंच, रुंद पात्यांची दोन-चार जोमदार गवते तेथे राज्य करतात आणि बाकीच्यांची वहिवाट हळूहळू मोडते.

कोणाची मोडते, हे पाहणे फार बोधक आहे. सर्वांत आधी जातात त्या शिंबावर्गीय वनस्पती: तांबडा क्लोव्हर, कुरणातला पिवळ्या फुलांचा रानवाटाणा आणि त्यांचे गोत्रज. या वनस्पतींच्या मुळांवर गाठी असतात, त्या गाठींत सूक्ष्म जीवाणू राहतात, आणि ते हवेतले नत्र बांधून वनस्पतीला देतात, हे हेलरीगेल आणि विल्फार्ट या जर्मन संशोधकांनी 1886 च्या सुमारास सिद्ध केले, आणि लीबिग विरुद्ध लॉझ-गिल्बर्ट या जुन्या खटल्यात दोन्ही पक्ष काही अंशी खरे होते असे ठरले. वातावरणाचा अठ्ठ्याहत्तर टक्के भाग नत्र आहे. परंतु दोन अणूंच्या त्या जोडीची गाठ इतकी घट्ट असते की बहुतेक सर्व वनस्पती त्या महासागरात उभ्या राहूनही नत्राच्या उपासमारीने खुरटतात. क्लोव्हरने मात्र कष्टाचा मार्ग पत्करला आहे. तो आपल्या पानांनी केलेल्या साखरेचा मोठा वाटा मुळांतल्या या भाडेकरूंना देतो आणि मोबदल्यात नत्र घेतो. जमीन नत्राने दरिद्री असते तोवर हा सौदा त्याला परवडतो, कारण शेजारी अधिक गरीब असतात. ज्या दिवशी वरून फुकट नत्राचा वर्षाव होतो, त्या दिवशी क्लोव्हरचे काही कोणी काढून घेत नाही. त्यालाही इतरांइतकाच वाटा मिळतो. आणि तरीही त्याचा नाश होतो, कारण ज्या स्वकष्टार्जित विद्येच्या बळावर तो त्या समाजात उभा होता ती विद्या एका रात्रीत निरुपयोगी ठरलेली असते. याच्या उलट, पार्क ग्रासमधील ज्या वाफ्यांना नत्र सोडून इतर सर्व खनिजे दिली त्यांत शिंबावर्ग असा बहरला की पाहणाऱ्याने थक्क व्हावे. क्लोव्हरला जे स्वतः मिळविता येत नव्हते ते त्याला मिळाले, आणि जे मिळविता येत होते ते त्याचे त्याच्याकडे राहिले. दानशास्त्रावर ग्रंथ लिहिणाऱ्या हेमाद्रीने पात्र, देश आणि काल यांचा कितीही बारकाईने विचार केला असला, तरी देण्याने घेणाऱ्याच्या अर्जित गुणाची किंमत उतरते की चढते, हा प्रश्न दानाच्या विवेचनात मला तरी प्रमुख स्थानी आढळलेला नाही.

आता पर्जन्याच्या दृष्टांताकडे परत येऊ. आचार्यांचा पूर्वपक्षी जर या कुरणात उभा असता तर त्याने नवी हरकत घेतली असती. तो म्हणाला असता की, महाराज, वर्षाव समान होता हे मान्य, बीजांचे सामर्थ्य भिन्न होते हेही मान्य. परंतु क्लोव्हर मेला तो त्याच्या बीजात काही उणे होते म्हणून मेला नाही, शेजारच्या गवताची सावली त्याच्यावर पडली म्हणून मेला, आणि ती सावली तुमच्या पर्जन्याने वाढविली. ही हरकत केवळ तार्किक नाही. झुरिकमधील संशोधकांनी तिचा पुरावा प्रयोगाने मिळविला, आणि तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी खत दिलेल्या गवताच्या दाटीत, खालच्या थराला उजेड मिळेल अशा बेताने दिवे बसविले. खत तेच राहिले, उंच गवतेही तशीच राहिली, फक्त खालच्यांना प्रकाश मिळाला. आणि नाहीशा होत चाललेल्या जाती बव्हंशी टिकून राहिल्या. नत्राने कोणालाही विष घातले नव्हते. त्याने सर्वांना पोसले, त्यांतले काही अधिक उंच झाले, आणि मग भांडण मातीतून उठून प्रकाशात गेले. मातीतले नत्र मुळांना वाटून घेता येते, थोडे याला थोडे त्याला. प्रकाश मात्र वरून येतो, आणि जो वर आहे तो आपला भाग घेऊन उरलेला खाली सोडतो. दारिद्र्यात जे भांडण बरोबरीचे होते ते समृद्धीत एकतर्फी झाले.

एवढे वाचून कोणी नत्राला राक्षस ठरवू लागेल तर तेही मला मान्य नाही, आणि दारिद्र्याचे गुणगान करणाऱ्या भरल्या पोटाच्या तत्त्वज्ञांविषयी मला फारसा आदरही नाही. हाबर आणि बॉश यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हवेतले नत्र कारखान्यात बांधण्याची युक्ती साधली, आणि आज दरसाल दहा कोटी टनांहून अधिक नत्र त्या मार्गाने खत होऊन जमिनीवर पडते. पृथ्वीवरील सुमारे निम्म्या माणसांचे अन्न त्यावर अवलंबून आहे असा अंदाज केला जातो. ती माणसे कोण असावीत, हे सांगणाऱ्याने प्रथम आपले नाव घ्यावे. चराईच्या जमिनींवरही या दानाची साक्ष प्रथमदर्शनी त्याच्याच बाजूची आहे. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा संस्थानात मॅंडन येथे सरकारी प्रयोगक्षेत्र आहे. तेथील रॉगलर आणि लोरेन्झ या दोघांनी गुरांनी खाऊन खाऊन झिजलेल्या नैसर्गिक कुरणावर एकरी 90 पौंड नत्र दिले, आणि 1957 मध्ये असे जाहीर केले की, सहा वर्षे गुरे पूर्ण बंद ठेवून जमिनीची जी सुधारणा झाली तिच्यापेक्षा दोन वर्षांच्या नत्राने झालेली सुधारणा अधिक होती. तपाने जे सहा वर्षांत साधले नाही ते कृपेने दोन वर्षांत साधले, असे एखाद्या भक्तिमार्गी शास्त्र्याने म्हणावे, इतका हा दाखला बोलका आहे. शिवाय नत्राने पोसलेल्या गवतात प्रथिने अधिक असतात. ते गुरांना पुष्ट करते आणि वसंतात लवकर हिरवे होते.

परंतु मॅंडनच्या त्या कुरणात वाढले कोण? प्रामुख्याने वेस्टर्न व्हीटग्रास, म्हणजे थंडी ओसरताच उगवणारे, उंच, लवकर रसाळ होणारे गवत. ब्लू ग्रामा, म्हणजे उन्हाळ्यात वाढणारे, ठेंगणे, अवर्षण आणि गुरांचे तोंड दोन्ही सोसणारे गवत, त्याच्यामागे पडत गेले. चांगल्या पावसाच्या साली हा अदलाबदलीचा व्यवहार नफ्याचा दिसतो. त्या कोरड्या प्रदेशात चांगल्या पावसाची सालेच मोजकी असतात. मिनेसोटातील सीडर क्रीक येथे 1982 पासून चाललेल्या प्रयोगात 1988 चे भयंकर अवर्षण आले, तेव्हा नत्रामुळे थोड्याच जाती उरलेल्या वाफ्यांचे उत्पन्न बहुजातीय वाफ्यांच्या मानाने फार जास्त घसरले, आणि ते पूर्वपदावर यायलाही अधिक वेळ लागला. दुष्काळात आणखी एक उपद्रव होतो, तो पशुवैद्यांना चांगला परिचित आहे: पाण्याअभावी वाढ खुंटलेल्या गवतात नायट्रेट साचते, गुराच्या पोटात त्याचे नायट्राइट होते, रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, आणि चॉकलेटच्या रंगाचे झालेले ते रक्त अंगात घेऊन जनावर चरता चरता पडते. कोलोराडोच्या आखूड गवताच्या मैदानात सत्तरच्या दशकात काही वाफ्यांना नत्र आणि पाणी दोन्ही दिले आणि मग थांबविले. परदेशी तणांचा खरा उठाव तेथे दान बंद झाल्यानंतरच्या वर्षांत झाला. दात्याने हात आखडला म्हणून दानाचा परिणाम आखडत नाही.

पार्क ग्रासचा कायदा आपल्या दख्खनच्या माळरानाला जसाच्या तसा लावू नये, हे मी आग्रहाने म्हणेन. सोलापूर, नगर, पुणे या जिल्ह्यांच्या पर्जन्यछायेतील माळावर कुसळी, पवन्या, मारवेल यांची पहिली उपासमार पाण्याची असते आणि नत्राची त्यानंतर; शिवाय गायरानावर पदरच्या पैशाने खत टाकणारा भाबडा माणूस अजून जन्मायचा आहे, कारण ज्याची मालकी सर्वांची तेथे खर्च कोणाचाच नसतो. परंतु एका बाबतीत हा माळ इंग्लंडच्या कुरणाचा सख्खा भाऊ आहे. धनगर आपली मेंढरे दिवसभर माळावर चारतो आणि रात्री शेतकऱ्याच्या रानात बसवितो. लेंड्या-मुताच्या रूपाने माळाचे नत्र शेतात उतरते, आणि त्याच्या बदल्यात धनगराला धान्य किंवा पैसा मिळतो. पिढ्यानुपिढ्या माळ हा दाता आहे, शेत हे घेणारे आहे, आणि माळाची कृशता ही त्याने भरलेल्या या साऱ्याची पावती आहे. इंग्लंडातही असेच घडत होते. दरवर्षी गवत कापून गंजी रचल्या, हिवाळ्यात गुरांना घातल्या, शेण धान्याच्या शेतात गेले. ज्या कुरणाला आपण निसर्गदत्त म्हणून कवटाळतो, त्यातली पस्तीस-पंचेचाळीस जातींची सभा माणसाने आणि त्याच्या जनावरांनी शतकानुशतके काढून नेल्यामुळे भरलेली असते.

आणि येथेच, माझ्या समजुतीप्रमाणे, पर्जन्याच्या दृष्टांताची खरी उणीव हाती लागते. ब्रह्मसूत्रांच्या अगदी आरंभी, दुसऱ्याच सूत्रात, ब्रह्माचे लक्षण सांगताना जन्म, स्थिती आणि लय या तिन्ही गोष्टी त्याच्याकडे लावल्या आहेत. वैषम्याच्या आरोपाला उत्तर देताना मात्र उपमा निवडली ती केवळ देणाऱ्या पर्जन्याची. नैर्घृण्याचा आरोप तर मुख्यतः नेण्याबद्दलचा होता, आणि त्याला दिलेल्या उत्तरात नेणारा कोठेच दिसत नाही; त्याची निर्दयता कर्माच्या पदरी बांधून प्रकरण मिटविले जाते. कुरण पाहिलेला मनुष्य उलट म्हणेल की, नेणे हीच कित्येकदा त्या व्यवस्थेतील दया असते. निरनिराळ्या खंडांतील चाळीस गवताळ ठिकाणी एकाच पद्धतीने खत घालून, आणि काही भागांना कुंपण करून चरणारे प्राणी बाहेर ठेवून, केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाला: जेथे चरणाऱ्या प्राण्यांनी उंच गवत खाऊन जमिनीलगत प्रकाश मोकळा केला, तेथे खताने होणारी जातींची हानी भरून निघाली, जेथे त्यांच्या चरण्याने प्रकाश वाढला नाही, तेथे निघाली नाही. मेंढीचे तोंड हे त्या सृष्टीत रुद्राचे काम करते, आणि ते सर्वांना सारखे लागत नाही; उंचाला अधिक लागते, ठेंगण्याला कमी. देण्यातील समानता आणि नेण्यातील विषमता अशी जोडी जमली म्हणजेच तेथे पुष्कळांना जगता येते. पार्क ग्रासमध्येही जूनमध्ये आणि पुन्हा शरदात कापणी होतेच. पण कापणीच्या आधीचे काही आठवडे गवताला मोकळीक असते, आणि तेवढी सावली मारायला पुरते.

दृष्टांतातला पाऊस स्वतःही आता पूर्वीचा राहिलेला नाही. लॉझ आणि गिल्बर्ट यांनी पावसाच्या पाण्यातले नत्र मोजण्याचे काम 1850 च्या दशकातच हाती घेतले होते. ते लीबिगला उत्तर देण्यासाठी होते, आणि पावसाने येणारे नत्र पिकाला मुळीच पुरणारे नव्हते. त्यानंतर कोळसा, तेल, मोटारी, खते आणि गोठे यांतून हवेत गेलेले नत्र पावसाबरोबर परत येऊ लागले, आणि ज्या कुरणांना कोणी चिमूटभर खत दिले नाही त्यांवरही दान पडू लागले. इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंड येथील अडुसष्ट आम्ल कुरणांची पाहणी 2004 मध्ये प्रसिद्ध झाली, तिचा हिशेब असा की, वर्षाला हेक्टरी अडीच किलो नत्र अधिक पडले की चार चौरस मीटरांमागे एक जात कमी आढळते. नीतिमानाच्या आणि अनीतिमानाच्या शेतावर सारखा पडणारा तो पाऊस आज अगदी अक्षरशः सारखा पडतो, आणि त्याच्या त्या सारखेपणातच तक्रारीचे कारण आहे: ज्याने मोटार चालविली आणि ज्याने चालविली नाही, दोघांच्याही रानफुलांचा हिशेब तो एकाच दराने करतो.

आचार्यांच्या बाजूने एक गोष्ट राहिली आहे, आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. चौतिसाव्या सूत्रावर शंका अशी येते की, सृष्टीच्या आधी कर्मच नव्हते, तर पहिली विषमता कोठून आली? पस्तिसाव्या सूत्रात तिचे उत्तर आहे की, संसार अनादी आहे. बीज आणि अंकुर यांच्याप्रमाणे कर्म आणि सृष्टी एकमेकांची कारणे आहेत, त्यांत पहिले कोणी नाही. हे उत्तर मला पूर्वी पळवाटेसारखे वाटे. पार्क ग्रासमधील सुवासिक वसंतगवताने त्याला अनपेक्षित आधार दिला आहे. ते ठेंगणे गवत बऱ्याच वाफ्यांत आढळते, आणि संशोधकांनी निरनिराळ्या वाफ्यांतील त्याची रोपे आणून एकत्र वाढविली, तेव्हा त्यांची उंची, आम्ल मातीत तगण्याची शक्ती आणि फुलोऱ्याचा काळ ही वाफ्यावाफ्याने भिन्न निघाली. वाफ्यांची सरहद्द ओलांडली की अवघ्या काही मीटरांत बीजाचा स्वभाव बदलतो, आणि तो बदल शतकाच्या आतबाहेर घडला होता. बीजाचे असाधारण सामर्थ्य ही काही आरंभीच ठरलेली मिळकत नव्हती. पडलेल्या खताने बीज घडविले आणि त्या बीजाने पुढे पडणाऱ्या खताचा परिणाम ठरविला.

पण या आधाराची किंमत आचार्यांच्या पक्षाला चुकवावी लागते. बीज जर पर्जन्यानेच घडत आले असेल, तर भेदाची सारी जबाबदारी बीजावर टाकून पर्जन्याला साधारण कारण म्हणून मोकळे करता येत नाही. अनादी परंपरेत जितका वाटा बीजाचा, तितकाच वर्षावाचा. पस्तिसावे सूत्र स्वीकारले की चौतिसाव्यातला दृष्टांत लंगडा पडतो, आणि दृष्टांत शाबूत ठेवला तर अनादित्व अर्धेच मान्य करावे लागते. परमार्थतः भेदच मिथ्या असल्याने हा पेच व्यवहारापुरता आहे, असे अद्वैती म्हणेल, आणि त्याच्या भूमिकेवरून ते सुसंगतच आहे. व्यवहारात मात्र खताची गोणी माणसाच्या खांद्यावर आहे, आणि त्याला पारमार्थिक सूट मागता येत नाही. रॉथमस्टेड येथे 1989 नंतर काही वाफ्यांच्या अर्ध्या भागाचे नत्र बंद केले. तेथे शिंबावर्ग परतला, जातींची संख्याही पुष्कळ भरून आली. सीडर क्रीकला दहा वर्षे नत्र देऊन थांबविलेल्या वाफ्यांत दोन दशकांनीही ती भरून आलेली नव्हती. एका ठिकाणी दरवर्षी गवत कापून बाहेर नेले जाते आणि शेजारीच विविध बीजांचे वाफे आहेत. दुसऱ्या ठिकाणी मेलेल्या पात्यांचा थर जागच्या जागी साचत राहिला. दान थांबविल्यावर दात्याने आणखी काय काय उचलून न्यायला हवे, याचे विवेचन कोणत्याही भाष्यात नाही, आणि ते आता कुरणवाल्यांनाच लिहावे लागणार असे दिसते.